रेंज येईना : दोष मोबाइलचा की कंपनीचा? असं ओळखा

ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, बँकेचा ओटीपी काही मिनिटांत संपतो, आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. दुकानदार म्हणतो कंपनीच बेकार, कंपनीवाला म्हणतो मोबाइल जुना. दहा-बारा हजार घालायच्या आधी घरीच तपासून घ्या.

आपलं सिम त्याच जागेवर दुसऱ्याच्या मोबाइलात टाका. तिथं रेंज आली तर दोष आपल्या मोबाइलचा. तिथंही नाही आली, तर त्याच कंपनीचं शेजाऱ्याचं सिम आपल्या मोबाइलात घालून बघा. ते चाललं तर आपलं सिम खराब, बदलून घ्या. तेही नाही चाललं तर दोष टावरकडं.

कांड्यांवर फार विसंबू नका, प्रत्येक मोबाइल त्या आपल्या हिशेबानं दाखवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं डीबीएमचा आकडा दिसतो. फोर-जीला उणे ९० च्या आसपास चांगलं, उणे ११० म्हणजे कच्चं, उणे १२० ला बोलणं तुटणारच.

ऊसतोडीहून आलेल्या माणसाला एक कसोटी आपोआप मिळते. फडावर पाच-सहा महिने नीट चाललेला मोबाइल गावात आल्यावर मुका होत असेल, तर मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्यातून बालाघाटचा डोंगर गेलाय. पाटोदा, धारूर भागात वाडी दरीत आणि टावर डोंगरापल्याड असला की लहर अडते. गोदाकाठच्या सपाट गावांना हा त्रास कमी. पत्र्याच्या घरातही रेंज मरते, दाराबाहेर येऊन बघा.

लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी रेंज जात असेल, तर टावरची बॅटरी उतरलेली असते. कांड्या भरलेल्या पण संध्याकाळी नेट रांगतंय, तर टावरवर गर्दी. दोन्ही कंपनीचंच काम.

बीएसएनएलचं मात्र वेगळं आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर बरेच जण तिकडं गेले. बीएसएनएलचं फोर-जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वरही चालतं, आणि बऱ्याच जुन्या मोबाइलात हा बँडच नाही. टावर गावात असूनही फोर-जी दिसत नाही ते त्यामुळं. मोबाइलच्या मॉडेलचं नाव टाकून बँड आधी बघा, मगच सिम बदला.

दोष कंपनीचा निघाला तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा, नुसतं फोनवर भांडून काही होत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणं कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर ठेवावा लागतो. नकाशात गाव रंगवलेलं आणि प्रत्यक्षात रेंज नाही, असं असेल तर त्याचा फोटो तक्रारीला जोडा.

कंपनीच बदलायची तर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज करा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. त्याआधी नव्या कंपनीचं कुणाचं तरी सिम घरात, शेतात आणि विहिरीवर चालवून बघा.