जोडीतील दुसरी : रोझी कॅसल्स हिची कारकीर्द

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत सामान्यतः आपल्याच पूर्वसूरींची चरित्रे प्रसिद्ध होतात, आणि ते सर्वथा उचित आहे. असे असता सातासमुद्रापलीकडील एका टेनिसपटू स्त्रीचे चरित्र येथे कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, एकट्याने जे साधत नाही ते संघटनेने कसे साधते आणि ती संघटना उभारताना पहिल्या माणसांना काय पणास लावावे लागते, हे या चरित्रात फार स्पष्टपणे दिसते.

रोझी कॅसल्स हिचा जन्म १६ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तिचे आईबाप एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील लहानशा देशातून आलेले निर्वासितप्राय गरीब लोक. मुलींचे पालनपोषण आपल्या हातून होणार नाही हे ध्यानी येताच त्यांनी रोझी व तिची थोरली बहीण यांना नात्यातील चुलत आजोबा मॅन्युएल कॅसल्स व त्यांची पत्नी मारिया यांच्या स्वाधीन केले. जगद्विख्यात चेलोवादक पाब्लो कॅसल्स हेही याच घराण्याचे दूरचे आप्त होत. मॅन्युएल हे तरुणपणी एल साल्वादोरच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात खेळलेले. त्यांनीच या मुलींना नगरातील सार्वजनिक टेनिस-मैदानांवर नेऊन हाती रॅकेट दिली. पुढे सबंध आयुष्यात रोझीने दुसरा गुरू केला नाही. एकत्र कुटुंबाचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस ही गोष्ट विशेष भावेल. पोटची नसलेली पोर पदरात घेऊन तिला विद्या देणारी माणसे सर्वच समाजांत असतात. त्यांची नावे मात्र क्वचितच छापली जातात.

त्या काळी अमेरिकेत टेनिस हा मुख्यत्वे श्रीमंतांच्या क्लबांतील खेळ होता. पांढरेशुभ्र पोशाख व उंची रॅकेटी बाळगणाऱ्या मुलींत ही सावळी, उंचीने अवघी ५ फूट २ इंच भरणारी मुलगी उपरी वाटे. उंची नाही, म्हणून तिने चापल्य कमावले. चेंडू जमिनीवर टप्पा घेण्यापूर्वीच जाळ्यापाशी धावून जाऊन तो परतविणे, ही तिची हातोटी. दुहेरीच्या खेळात या गुणास सोन्याचे मोल असते. दुहेरीत मैदान रुंद असले तरी खेळाडू दोन असल्याने नुसत्या जोरकस फटक्याने गुण मिळत नाही. जाळ्याचा ताबा ज्या जोडीकडे, तिची सरशी. शिवाय दोघींच्या मधून जाणारा चेंडू कोणी घ्यावयाचा, हे क्षणार्धात आणि न बोलता ठरावे लागते. तेथे परस्परविश्वास नसेल तर दोन उत्तम खेळाडूंचीही जोडी फसते.

असा विश्वास तिला बिली जीन किंग हिच्या ठायी लाभला. या जोडीने विम्बल्डनचे विजेतेपद १९६७, १९६८, १९७०, १९७१ व १९७३ असे पाच वेळा जिंकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतही १९६७ व १९७४ साली त्या अजिंक्य ठरल्या. हिरवळ, माती, बंदिस्त व कठीण अशा चारही प्रकारच्या मैदानांवरील अमेरिकन विजेतेपदे या जोडीने मिळविली. १९६८ च्या एप्रिलमध्ये या दोघी, फ्रान्सची फ्रांस्वाज दुर आणि इंग्लंडची ॲन जोन्स अशा चौघींनी करार करून उघडपणे व्यावसायिक खेळ पत्करला. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या विम्बल्डनमध्ये दुहेरीच्या अंतिम सामन्यात याच चौघी समोरासमोर उभ्या ठाकल्या!

परंतु व्यवसाय पत्करला म्हणजे मोबदला मिळाला, असे मात्र झाले नाही. १९६८ साली विम्बल्डनच्या पुरुष विजेत्यास २००० पौंड, तर स्त्री विजेतीस ७५० पौंड देण्यात आले. १९७० साली लॉस एंजल्स येथील पॅसिफिक साऊथवेस्ट स्पर्धेत तर पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीस १,५०० डॉलर जाहीर झाले. मैदान तेच, प्रेक्षक तेच, तिकीट तेच. श्रमाचे मोल मात्र आठपटींहून अधिक फरकाचे. बिली जीन व रोझी यांनी टेनिसविषयक मासिकाच्या संपादिका ग्लॅडिस हेल्डमन यांच्याकडे धाव घेतली. हेल्डमनबाईंनी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे केवळ स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा योजिली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस-संघटनेने स्पर्धेस मान्यता नाकारली व जी खेळेल तिला बहिष्कृत करण्याची धमकी दिली. मोठमोठ्या स्पर्धांची व देशाच्या संघाची दारे बंद होण्याचा तो प्रसंग होता. २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊ जणींनी प्रत्येकी एका डॉलरच्या नाममात्र करारावर सह्या केल्या. त्यांत सात अमेरिकन होत्या आणि जूडी डाल्टन व केरी मेलव्हिल या दोघी ऑस्ट्रेलियन. एक डॉलर ही रक्कम ती काय! पण त्या एका डॉलरापायी आयुष्याची कमाई पणास लागली होती. एकटी असती तर तिला वाळीत टाकणे सोपे होते. नऊ जणींस एकदम वाळीत टाकले तर वाळीत नेमके कोण पडले, हा प्रश्न धमकी देणारांनाच पडावा! त्या स्पर्धेचा अंतिम सामना रोझीने जूडी डाल्टनवर मात करून जिंकला.

या बीजातून वृक्ष फोफावला. १९७१ पासून स्त्रियांच्या स्पर्धांची स्वतंत्र मालिका सुरू झाली; ती एका सिगारेट-कंपनीच्या पैशावर चालली, ही विसंगतीही नमूद केली पाहिजे. १९७३ साली स्त्री-टेनिसपटूंची जागतिक संघटना लंडन येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुषांस समान पारितोषिक दिले. विम्बल्डनला मात्र त्यासाठी २००७ साल उजाडावे लागले.

रोझीच्या वाट्यास आलेले यश दुय्यम मानण्याची प्रथा आहे. अमेरिकन स्पर्धेच्या एकेरीत ती १९७० व १९७१ साली अंतिम फेरीपर्यंत पोचली. पहिल्या वेळी मार्गारेट कोर्टकडून, दुसऱ्या वेळी खुद्द बिली जीनकडून हरली. १९७३ साली बिली जीनने बॉबी रिग्ज या माजी पुरुष विजेत्यास हरविले, तेव्हा रोझी दूरचित्रवाणीवर समालोचन करीत होती. आठवण राहिली ती बिली जीनची. पण जोडीतील दुसरी नसती तर पहिली कोठून असती? शिवाय जूडीसमवेत १९७१ साली आणि वेंडी टर्नबुलसमवेत १९८२ साली, वयाची ३४ वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, तिने अमेरिकन दुहेरीचे अजिंक्यपद मिळवून दाखविले. साथीदार बदलली तरी तिचा गुण अबाधितच होता. १९७२ साली विम्बल्डनच्या शुभ्रवस्त्र-नियमास धक्का देणारा जांभळ्या नक्षीचा पोशाख घालून ती मैदानात उतरली व अधिकाऱ्यांचा रोष ओढवून बसली. हा बाणेदारपणाही तिचाच. १९९६ साली तिचा आंतरराष्ट्रीय टेनिस-कीर्तिमंदिरात समावेश झाला, आणि २०२१ साली त्या नऊ जणींस एकत्रितपणे तोच मान देण्यात आला. ज्यांनी एकत्र सही केली त्यांचा सन्मानही एकत्रच व्हावा, हे योग्यच झाले.

आता शेवटी आपल्या घरची गोष्ट. आपल्या वार्षिक संमेलनात मुलांच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्यास चांदीची ढाल आणि मुलींत पहिल्या येणारीस डबा किंवा पेला, असा प्रकार कित्येक वर्षे आपण सर्वांनी टाळ्या वाजवीत पाहिला आहे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कोणी विचारलेच नाही, इतकेच. पारितोषिकांची यादी करावयास पुढील खेपेस कार्यकारी मंडळ बसेल, तेव्हा तेथे एखाद्या भगिनीने हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि ती विचारील तेव्हा तिच्या शेजारी आणखी आठ जणी उभ्या राहाव्यात, एवढीच या लेखकाची नम्र विनंती आहे.