नाव, निशाणी आणि तोतया

'तोतया' हा शब्द मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याचे नाव, रूप आणि हक्क धारण करून जगास फसविणारा तो तोतया. अलीकडे बँकेतील खात्यांच्या बाबतीत 'ओळखीची चोरी' हा शब्दप्रयोग कानी पडतो आणि हे पाप यंत्रयुगाबरोबर जन्मास आले, असा पुष्कळांचा समज होतो. इतिहास तसे सांगत नाही. माणसाचे नाव हे ज्या दिवशी धनाचे किंवा सत्तेचे दार झाले, त्याच दिवशी त्या दाराची खोटी किल्ली घडविणाराही निर्माण झाला. म्हणून तोतया होतात की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. ओळख पटवून घेण्याचा भार समाजाने कोणाच्या शिरावर ठेवला, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मराठी मुलखातील काही उदाहरणांवरून याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१

आपल्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध तोतया सदाशिवरावभाऊंचा. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्या रणकंदनात भाऊसाहेब पडले. परंतु त्यांच्या अंताविषयी निरनिराळ्या वार्ता दक्षिणेत येत राहिल्या. घरोघर कोणी ना कोणी परत आले नव्हते, आणि जो परत आला नाही तो कदाचित येईल, या आशेवर सारा देश जगत होता. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीच्या मृत्यूवर विश्वास ठेवला नाही. अशा वेळी बुंदेलखंडातील सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत तो पकडला गेला, चौकशीत त्याचे सोंग उघडकीस आले आणि त्याची रवानगी बंदिवासात झाली.

गोष्ट एवढ्यावर संपावयास हवी होती, पण ती संपली नाही. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असता, १७७६ साली, तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. पाहता पाहता हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले आणि त्याची फौज घाट चढून वर आली. पुणे दरबारास महादजी शिंद्यांसारखा सेनानी त्याच्यावर पाठवावा लागला. पराभवानंतर समुद्रमार्गे मुंबईकडे पळत असता तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यास पुण्यास देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर रचले, हे वाचकांस ठाऊक आहेच.

या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली अशी की, तोतयाचे यश त्याच्या चेहऱ्यात नव्हते, ते पाहणाराच्या आशेत होते. ज्यांना भाऊ हवे होते त्यांना भाऊ दिसले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तोतयास किल्ल्याची भिंत फोडावी लागली नाही. ज्याच्या कमरेस किल्ल्या होत्या त्यानेच दार उघडले. आजच्या बँकप्रकरणांचा तपास वाचताना या दोन्ही गोष्टींची आठवण वारंवार होते.

२

राजकारणातील तोतया क्वचित निपजतो, व्यवहारातील तोतया मात्र नित्याचा. त्याच्यापासून बचाव करण्यासाठी जुन्या लोकांनी काय केले होते? मोडी कागद हाताळणाऱ्यांस त्याचे उत्तर अक्षरोअक्षर सापडते. गावच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची. वस्तुतः नांगराचे चित्र कोणासही काढता येईल. पण निशाणी एकटी कधी उभी राहत नसे. तिच्याजवळ साक्षीदारांची नावे असत, आणि वाद पडलाच तर गोतसभा भरून 'हा तोच' किंवा 'हा तो नव्हे' असे सर्वांसमक्ष सांगे. खूण कागदावर आणि ओळख माणसांत, अशी ही जोडी होती.

दरबारी पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद' अशी अक्षरे असलेली लहान मुद्रा उठवीत. ती केवळ शोभेची नव्हे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर घालील तर ते खोटे, अशी ती कुंपणाची काठी होती. आज धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण 'फक्त' लिहितो, ते याच कुंपणाचे उरलेले अवशेष होय.

परंतु या विषयात सावकारी हुंडीइतके शहाणपण दुसरे कशातही नाही. हुंडीत रक्कम एकदा आकड्यांत व एकदा अक्षरांत लिहून थांबत नसत. शंभर रुपयांची हुंडी असेल तर 'निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे' असे लिहीत. एक शून्य वाढविणाऱ्या लबाडास निम्म्याचाही हिशेब बदलावा लागे, आणि तेथेच तो सापडे. हुंडी गहाळ झाली तर 'पैठ' आणि तीही हरवली तर 'परपैठ' लिहून देण्याची रीत होती. शाहाजोग हुंडीचा नियम तर मुद्दाम स्मरणात ठेवण्याजोगा आहे. तिचे पैसे वाटेल त्या आणणाऱ्यास मिळत नसत. पेठेत पत असलेल्या शाहालाच ते मिळत. पुढे हुंडी चोरीची वा बनावट ठरल्यास त्या शाहाने रक्कम व्याजासह परत करावी, असा संकेत होता. जो पैसे देतो त्याने घेणाराची पत पाहावी आणि जो घेतो त्याने कागदाच्या खरेपणाची हमी घ्यावी. ज्याचे धन चोरीस गेले त्याला प्रथम उभे करून 'तूच तो कशावरून?' असे विचारणे, ही पेढीची रीत नव्हती.

३

इंग्रजी अमलात गोतसभा मोडली आणि साक्षीची जागा हळूहळू खुणेने घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी ४१६ वे कलम घातले गेले. ज्याचे सोंग घेतले तो मनुष्य खरा असो वा काल्पनिक, गुन्हा तोच, अशी त्यात स्पष्ट तरतूद होती. परंतु गुन्हा ठरविणे वेगळे आणि गुन्हेगार ओळखणे वेगळे. बंगालमधील हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. मृत माणसांच्या नावे जिवंत माणसे पैसे उचलीत, त्यास त्याला पायबंद घालावयाचा होता. पुढे १८९७ साली कलकत्त्यास ठसे-कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली असली, तरी तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे परिश्रम होते.

अंगठ्याचा ठसा ही मोठीच प्रगती होती, कारण नांगर कोणासही काढता येतो, अंगठा ज्याचा त्याचाच. तथापि या प्रगतीत एक गोष्ट मागे पडली. खूण इतकी बिनचूक झाली, की साक्षीची गरज कोणास वाटेनाशी झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधारपत्र दिले गेले आणि ठशाला बारा आकड्यांचा क्रमांक जोडला गेला. २०१४ साली जनधन योजनेने ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांचीही खाती उघडली. याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु क्रमांकाला डोळे नसतात. तो समोरच्याला ओळखीत नाही, फक्त जुळतो किंवा जुळत नाही.

यंत्राचीही तोतयेगिरी होऊ शकते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाने दाखविले. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये दोन टप्प्यांत गेले. चोरट्यांनी बनावट कार्डे केलीच. पण एवढ्याने भागले नसते. कार्ड खरे की खोटे हे बँकेची जी यंत्रणा सांगते, तिच्याच जागी त्यांनी आपली तोतया यंत्रणा बसविली. परदेशातील यंत्र विचारी, 'पैसे देऊ काय?' आणि बँकेच्या नावाने चोरच उत्तर देई, 'द्या.' अठ्ठावीस देशांतून रकमा उचलल्या गेल्या. सुखनिधानाने एका सरदाराचे नाव घेतले होते. येथे साऱ्या पेढीचेच नाव घेतले गेले.

४

आता आमच्या मुलखाकडे वळतो. पांढुर्णा आणि सौंसर ही मराठी बोलणारी माणसे असलेली दोन तहसील छिंदवाडा जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली या दोन तहसिलांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. या सरहद्दीवरील माणसाचे नाव तीन वेळा लिहिले जाते: घरी व जुन्या शाळेत मराठीत, कचेरीत हिंदीत आणि यंत्रात इंग्रजीत. हिंदीच्या नित्य लेखनात 'ळ' नाही, म्हणून काळे तेथे 'काले' होतात आणि ढोबळे 'ढोबले'. आमच्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. तिकडे वडिलांचे नाव निराळ्या रकान्यात. स्त्रियांची तर आणखी तऱ्हा. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले, की माहेरची मुलगी कागदावर जवळजवळ नाहीशीच होते.

या विसंगतीचा तोतयेगिरीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ज्याचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असते, तो 'नाव दुरुस्त करून देणाऱ्या' मध्यस्थाच्या दारी जातो. तेथे तो आपले पासबुक देतो, आधारपत्र देतो, अंगठा देतो, आणि स्वतःचा मोबाईल नसेल तर मध्यस्थाचाच क्रमांक खात्यास जोडू देतो. किल्लेदाराला किल्ल्या आपण आपल्या हाताने सोपवितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एक वृद्ध विधवा शाळेत आली. तिच्या खात्यातून दोन वेळा पैसे निघाले होते. ती म्हणाली, ''गुर्जी, अंगठा उमटलाच नाही म्हणे, पुन्हा लावाले सांगतलं. म्या लावला. आता बँकवाले म्हणतेत, तूच काढले.'' पैसे काढल्याचा संदेश तिला आला नव्हता, कारण खात्याला जोडलेला क्रमांक तिचा नव्हताच. तक्रार करावयास गेली, तर खात्यावरील नाव आणि इतर कागदांवरील नाव जुळेना. ज्या नावाने तिचे पैसे बिनदिक्कत गेले, तेच नाव तिचे असल्याचे आता तिला सिद्ध करावयाचे होते.

ती बालपणी याच शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. मी जुने दाखल-खारीज पुस्तक काढविले. पूर्वीच्या कोण्या गुरुजींच्या वळणदार अक्षरांत तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लिहिलेले सापडले. जन्मतारखेच्या रकान्यात अर्थातच १ जुलै! खरी तारीख ठाऊक नसली, की आम्ही शिक्षकांनी पिढ्यान् पिढ्या तीच लिहिली आहे. गावातील दोन वृद्धांस बोलावले. त्यांनी सांगितले, ही तीच मुलगी. त्यांच्या साक्षीसह मी दाखला लिहून दिला. पुढे काही महिन्यांनी तिची काही रक्कम परत मिळाली. सर्व मिळाली नाही. पण त्या दिवशी मला उमगले, की क्रमांक आणि ठसा दोन्ही मुके झाले तेव्हा जुनी गोतसभाच कामास आली.

५

कायद्याने अलीकडे काही पावले टाकली आहेत. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-सी आणि ६६-डी ही कलमे आली. पहिले दुसऱ्याची संगणकीय ओळख चोरण्याविषयी, दुसरे तोतयेगिरीविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. सर्वांत अर्थपूर्ण पाऊल मात्र रिझर्व्ह बँकेचे. ६ जुलै २०१७ च्या तिच्या निर्देशाप्रमाणे, दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणी ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास त्याच्यावर काहीच भार पडू नये, आणि ग्राहकाचा दोष होता हे बँकेने सिद्ध करावे, असे ठरले. शाहाजोग हुंडीचाच न्याय दीडशे वर्षांनी पुन्हा पेढीवर परतला, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ज्याला संदेशच पोचत नाही त्याचे तीन दिवस कोठून मोजावयाचे, हा प्रश्न त्या वृद्धेसारख्या अनेकांचा आहे.

अध्यापकबंधूंना या इतिहासातून तीन कामे दिसावीत. दाखल-खारीज पुस्तकात नाव लिहिताना मुलाचा 'ळ' सांभाळावा आणि जन्मतारीख विचारून, पडताळून लिहावी, कारण पुढे त्याचे खाते याच पायावर उभे राहणार आहे. आपले पासबुक, कार्ड व मोबाईलचा क्रमांक थोड्या पैशांसाठी दुसऱ्यास वापरू देणे म्हणजे रामचंद्र नाइकांची भूमिका घेणे होय, हे मोठ्या मुलांस सांगावे. चोरीचा पैसा बहुधा अशा उसन्या खात्यांतूनच वाहतो. आणि फसलेल्या माणसाने लाजेने गप्प बसू नये, त्याच तासाला १९३० या क्रमांकावर व बँकेत कळवावे, हे गावात पुन्हा पुन्हा बोलावे. पैसा खात्याखात्यांतून पळतो. तो वाटेत अडविता येतो तो केवळ पहिल्या काही तासांत.

पार्वतीबाईंच्या आशेला कोणी दोष देणार नाही. तसाच त्या वृद्धेच्या विश्वासालाही देऊ नये. तिने सांगितले तेथे अंगठा ठेवला, एवढेच. ज्यांनी तो उमटवून घेतला आणि ज्यांनी त्यावर पैसे दिले, त्यांना विचारावयाचे ते प्रश्न आपण तिला विचारीत बसलो. हा क्रम उलटा करणे, हेच या विषयातील खरे काम आहे.