पदकाच्या कडेवरचं नाव

स्मरणिकेसाठी प्रत्येक घराने आपल्याकडची एखादी जुनी गोष्ट लिहावी, असं समितीने सुचवलं. आमच्याकडे जुनं म्हणावं असं एकच आहे, पणजोबांचं पदक.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले नि तिकडेच वारले', एवढंच घरात माहीत. कुठे, कधी, कशाने, कुणालाच सांगता यायचं नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला व्हायचं. सरकारकडून तीन पदकं आली होती. चांदीचं १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडे मोडलं, चांदणीच्या आकाराचं कुठे गेलं कळलं नाही. उरलं ते ब्राँझचं. त्यावर पंख असलेली बाई आहे, म्हणून आम्ही पोरं त्याला 'परीचं पदक' म्हणायचो.

मी निवृत्त झाल्यावर ते आत्याच्या ट्रंकेतून माझ्याकडे आलं. भिंगाखाली धरलं, तर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि '११० मराठा लाइट इन्फन्ट्री'. त्या युद्धाच्या पदकांवर ज्याचं त्याचं नाव असं ठोकलेलं असे. पुढचा सगळा शोध या एका ओळीवरून लागला.

११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर तिला मागे फिरावं लागलं आणि कुत-अल-अमारा इथे ती तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं, तेव्हा घोडे कापले गेले. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही; उपासमारीने नि स्कर्व्हीने ते खंगले. अखेर २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. कैद्यांना भर उन्हात वाळवंटातून चालवत नेलं. हजारो जण वाटेत आणि पुढे रेल्वेमार्गाच्या कामावर मेले.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं आणि त्या घरबसल्या पाहता येतात. आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हाचा कारकून ऐकेल तसं लिही, म्हणून मी नावाऐवजी क्रमांक आणि पलटण धरून शोधलं. नोंद सापडली. वडिलांचं नाव बरोबर, गाव आमचंच. मृत्यूची तारीख जुलै १९१६ मधली, म्हणजे कैदेतली. स्मारक बसरा.

या बसरा स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांची आठवण आहे. पण हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली आहेत. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. १९९७ मध्ये ते स्मारकही मूळ जागेवरून उचलून ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेलं गेलं. म्हणजे ज्या माणसाचं नाव तिथल्या दगडावर नाही, ते आमच्या कपाटातल्या रुपयापेक्षा मोठ्या चकतीच्या कडेवर मात्र कोरलेलं आहे.

माझे वडील तेव्हा ८४ वर्षांचे होते. मी तारीख वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि १९१६ सालचं पंचांग पाहायला सांगितलं. तिथी आषाढातली निघाली. त्या वर्षापासून पणजोबांचं श्राद्ध त्यांच्या स्वतःच्या तिथीला होतं.

आपल्या सोसायटीत साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली कितीतरी घरं आहेत. कुणाच्या ट्रंकेत असं एखादं पदक असेल, तर त्याला ब्रासो लावून घासू नका; अक्षरं झिजतात. मोडीत तर मुळीच देऊ नका. आधी कड वाचा आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवा. भिंग माझ्याकडे आहे, केव्हाही या.