चौकट आणि पेहराव : विल्यम क्लाइनची छायाचित्रे

चित्रकथा आणि ओत कुत्यूर ही अभिरुचीच्या उतरंडीची दोन टोके मानली जातात. एक स्वस्त कागदावर लाखांनी छापली जाते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. दुसरी पॅरिसच्या मोजक्या पेढ्यांमध्ये एकेका गिऱ्हाईकाच्या मापाने हातांनी शिवली जाते. विल्यम क्लाइन (१९२६–२०२२) या अमेरिकन छायाचित्रकाराच्या कामात ही दोन्ही टोके एकत्र येतात. त्याच्यावरील लेखनात मात्र बहुधा त्याचे दोन तुकडे पाडलेले दिसतात : रस्त्यावरचा बंडखोर क्लाइन तेवढा खरा, आणि ‘व्होग’ मासिकासाठी मॉडेलांची छायाचित्रे काढणारा क्लाइन पोटार्थी. ही विभागणी सोयीची असली तरी टिकणारी नाही, असे मला वाटते.

क्लाइन न्यूयॉर्कमध्ये वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यात असताना त्याने ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढली. पुढे पॅरिसमध्ये स्थायिक होऊन तो काही काळ फेर्नां लेजेच्या चित्रशाळेत शिकला. यंत्रे, जाहिरातफलक आणि रस्ते यांना चित्रविषयाचा मान देणाऱ्या लेजेकडून त्याने काय उचलले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. रीतसर छायाचित्रण तो कोणाकडे शिकला नाही. कॅमेरा हाती येण्याआधी त्याच्याजवळ होती ती रेषा, आणि वर्तमानपत्री चित्रांची सवय.

१९५४ मध्ये तो न्यूयॉर्कला परतला आणि त्या शहराची छायाचित्रे काढू लागला. त्यांतून झालेले पुस्तक अमेरिकन प्रकाशकांनी नाकारले. अखेर पॅरिसच्या ‘सय’ या प्रकाशनसंस्थेने १९५६ मध्ये ते काढले. तेथे काम करणाऱ्या क्रिस मार्करने त्याची बाजू लावून धरली होती. १९५७ मध्ये त्याला नादार पारितोषिक मिळाले. या पुस्तकाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी आंरी कार्तिये-ब्रेसाँचा १९५२ सालचा ग्रंथ आठवावा. तेथे प्रत्येक छायाचित्र स्वयंपूर्ण आहे. नेमका क्षण, तोललेली रचना, छायाचित्रकार स्वतः अदृश्य. क्लाइनकडे एकक आहे ते पान. काही छायाचित्रे समास न ठेवता कागदाच्या कडेपर्यंत भिडतात, काही पानांवर अनेक चित्रे चौकटींसारखी शेजारी शेजारी बसतात, आणि एका चित्राचा अर्थ दुसऱ्यावर आदळून निघतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे जवळचा चेहरा फुगतो, मागची गर्दी आक्रसते. ढोबळ कण आणि दाट काळा रंग यांमुळे स्वस्त छपाईचा भास होतो. ‘इंद्रजाल’मधला वेताळ वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हे व्याकरण परके वाटू नये. चौकट आणि चौकट यांमधली रिकामी फट वाचकाने भरायची असते, हे आपण लहानपणीच शिकलेलो असतो.

आता दुसरे टोक. या ‘असभ्य’ पुस्तकामागे पैसा होता तो ‘व्होग’चा. मासिकाचा कलासंचालक अलेक्झांडर लिबरमन याने पॅरिसमध्ये क्लाइनचे काम पाहून त्याला करारबद्ध केले आणि न्यूयॉर्कच्या प्रकल्पाला साहाय्य दिले. ती छायाचित्रे मासिकाने छापली नाहीत, हे ओघानेच आले. पुढे सुमारे दहा वर्षे क्लाइन त्यांच्यासाठी काम करीत राहिला. कपड्यांविषयी आपल्याला विशेष आस्था नव्हती असे तो सांगत असे. परंतु पोज या गोष्टीविषयी त्याला विलक्षण कुतूहल होते. मॉडेलांना त्याने स्टुडिओबाहेर काढले. १९६० साली रोमच्या पियाझ्झा दि स्पान्यामध्ये कापुच्चीचे काळे-पांढरे पट्टेरी पेहराव घातलेल्या दोन स्त्रिया रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवरून ये-जा करीत आहेत आणि क्लाइन लांब पल्ल्याचे भिंग घेऊन दूर उभा आहे. पेहरावाचे पट्टे आणि रस्त्याचे पट्टे एक होतात. व्यंगचित्रकाराची शाई जणू चौकात सांडते.

क्लाइनच्या दोन्ही कामांचा सांधा या पोजमध्ये आहे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र न्यूयॉर्कच्या १०३ व्या रस्त्यावरचे. एक मुलगा खेळण्यातले पिस्तूल थेट भिंगावर रोखून, चेहरा वेडावाकडा करून उभा आहे. शेजारचा लहानगा शांतपणे पाहतो आहे. हिंसेचा दस्तऐवज म्हणून ते वारंवार छापले गेले. प्रत्यक्षात क्लाइननेच त्या मुलाला दरडावणारा चेहरा करायला सांगितले होते, आणि हे त्याने कधी लपवले नाही. मग हे छायाचित्र खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. त्या मुलाला तो चेहरा आधीपासून पाठ होता. गुंडपटांतून आणि चित्रकथांतून त्याने तो उचलला होता. मॉडेल जसा पेहराव अंगावर चढवते तसा त्याने तो चढवला. माणसे सोंगे कोठून आणतात, हाच क्लाइनचा विषय होता.

या दृष्टीला किंमतही होती. रोमच्या त्या चौकात पुरुषांनी मॉडेलांना वेश्या समजून त्यांच्या अंगचटीला जायला सुरुवात केली आणि चित्रण आवरते घ्यावे लागले, अशी हकीकत क्लाइननेच सांगितली आहे. छायाचित्रकार दूर, सुरक्षित. सोंग अंगावर बेतले ते स्त्रियांच्या. चित्रकथेत माणसाचे पात्र होते, पेढीत माणसाचा सांगाडा होतो. क्लाइनच्या चौकटीत माणूस कधीकधी या दोहोंच्या मधे सापडतो, ही त्याच्या कलेची मर्यादा नोंदवायलाच हवी.

ती त्याला ठाऊक नव्हती असे नाही. १९६६ च्या ‘पॉली मागू, तू कोण?’ या चित्रपटात त्याने धातूच्या पत्र्यांचे पेहराव घातलेल्या मॉडेलांची मिरवणूक दाखवून फॅशनच्या जगाची बेदम थट्टा केली. लगोलग आलेल्या ‘मिस्टर फ्रीडम’मध्ये चित्रकथेतला महानायक अमेरिकन परराष्ट्रनीतीच्या वेशात पॅरिसमध्ये उतरतो आणि विध्वंस करतो. ज्या दोन कलांनी त्याला घडवले, त्यांचा हिशेब त्याने असा चुकता केला.

आज पिस्तूलवाला मुलगा संग्रहालयाच्या भिंतीवर एकटा टांगलेला आढळतो. रुंद पांढरी किनार, पुसट प्रकाश, शेजारी काहीच नाही. कार्तिये-ब्रेसाँला शोभणारी ही मांडणी क्लाइनला अन्याय करते. शेजारची चौकट काढून घेतली की उरते ती नुसती धमकी, थट्टा हरवते. त्याला पाहायचे तर पुस्तकातच, पान उलटत पाहिले पाहिजे.