लाकडी पेटीतला आवाज

महागडे बिनतारी स्पीकर आज दिवाणखान्याची शोभा होतात. पूर्वी तो मान व्हॉल्व्हच्या रेडिओचा होता. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, पुण्याचं १९५३ मध्ये.

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीसारख्या गावांना मग पुणे केंद्र हाकेच्या अंतरावर आलं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, दर आठवड्याला, गदिमा-बाबूजींचं ‘गीतरामायण’ तिथून गाजलं.

पॉलिश केलेली लाकडी पेटी नुसती मिरवायला नव्हती. मोठा स्पीकर आणि पेटीतली पोकळी यांमुळे खर्ज भरदार लागे. ट्रान्झिस्टर आला, सेलवर चालू लागला, बांधापर्यंत पोचला. आवाज मात्र किरटा झाला.

त्या काळी रेडिओ विकत घेऊन भागत नसे. परवान्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे.