पातेगळ: हुकूम कोणाचा, कात्री कोणाची?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात राजा नाही की लढाई नाही. आहे ती कपाशी. बोदवडकडे ऐन पाते लागायच्या दिवसांत पावसाचा खंड पडला, किंवा उलट चार दिवस झड लागली, की झाडाखाली पाते आणि बारक्या बोंडांचा सडा पडतो. कोरडवाहू कपाशीवाल्याची अर्धी दिवाळी तिथेच मातीत जाते. मग कृषी केंद्रात एकच प्रश्न: "काय फवारू?" आपण त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. पातं देठापासून सुटतं कसं?

वाऱ्याने तुटत असेल असं वाटतं. पण देठाच्या बुडाशी लहान पेशींचे काही थर असतात, तिथे खरी भानगड आहे. दोन पेशींच्या भिंती पेक्टिनने चिकटलेल्या असतात, विटांमधल्या सिमेंटसारख्या. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. वेळ आली की झाड त्या थरात एन्झाइम सोडतं. पॉलिगॅलॅक्टुरोनेज पेक्टिन विरघळवतं, सेल्युलेज भिंत पोखरतं. मग जरा धक्का लागला की पातं खाली. म्हणजे कात्री झाडाचीच. तिला हुकूम कोण देतं, हे कळायला शंभरेक वर्षं गेली.

१८६४ साल. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस अडकलेला, म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव. त्याच वर्षी जिराडिन नावाच्या संशोधकाने लिहून ठेवलं की रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस जमिनीखाली गळतो, तिथली झाडं पानं टाकतात. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्हने त्या गॅसमधला गुन्हेगार पकडला: इथिलीन. १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेनने दाखवलं की पिकणारी सफरचंदं हा वायू स्वतःच तयार करतात. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये आज सोडतात तोच हा.

दुसऱ्या बाजूने ऑक्सिन आलं. १९३६ मध्ये ला रू यांनी कोलियसच्या पानाचं पातं कापून नुसता देठ ठेवला, तो काही दिवसांत गळला. कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं, तर देठ टिकून राहिला. वरून ऑक्सिन येत राहतं तोवर कात्री म्यानात.

आता कपाशीची एंट्री. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट यांचा गट गळतीचं रसायन शोधत होता, आणि कच्चा माल होता कपाशीची कोवळी बोंडं. २२५ किलो वाळलेल्या बोंडांतून त्यांना ९ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला! १९६३ मध्ये त्यांनी तो 'ॲबसिसिन २' नावाने जाहीर केला. ब्रिटनमध्ये वेअरिंग यांचा गट सिकॅमोर झाडाची कळी झोपवणारं रसायन शोधत होता. १९६५ मध्ये कळलं, दोघांच्या हाती एकच पदार्थ आहे. १९६७ च्या ओटावा परिषदेत नाव ठरलं: ॲबसिसिक ॲसिड, म्हणजे गळतीचं आम्ल.

आणि इथे गंमत झाली. बहुतेक झाडांत गळतीचा मुख्य हुकूम या ॲसिडचा नाहीच, इथिलीनचा आहे. ॲबसिसिक ॲसिडचं खरं काम म्हणजे पाणी कमी पडलं की पानांची छिद्रं बंद करणं, बी झोपवून ठेवणं. आमच्या धंद्यात एखाद्या फंक्शनला चुकीचं नाव पडतं, ते शंभर ठिकाणी वापरलं जातं, मग कोणी हात लावत नाही. तसंच हे नाव राहिलं.

१९६७ मध्येच हॉर्टन आणि डॅफ्ने ऑसबोर्न यांनी घेवड्यात दाखवलं की गळतीच्या वेळी त्या थरातलं सेल्युलेज वाढतं. पुढच्या प्रयोगांत स्पष्ट झालं: इथिलीन दिलं की एन्झाइम वाढतं, ऑक्सिन दिलं की अडतं.

झडीनंतरची पातेगळही इथे थोडी उलगडते. १९७९ मध्ये ॲडम्स आणि शांग फा यांग यांनी इथिलीनच्या आधीचा पदार्थ, एसीसी, शोधला. रानात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. टोमॅटोवर दिसलं की मग मुळांतून एसीसी वर चढतं आणि वर त्याचं इथिलीन होतं. शिवाय ढगाळ हवेत पानं साखर कमी बनवतात. सगळी बोंडं पोसणं झाडाला झेपत नाही, मग ते कोवळी टाकून देतं. चांगल्या वर्षीही कपाशी निम्म्याहून जास्त पाते-बोंडं स्वतःच गाळते, हे ऐकून आपल्याकडे बरेच जण चमकतात.

पातेगळीवर एनएए फवारतात ना, ते म्हणजे कृत्रिम ऑक्सिन. ला रूचीच युक्ती, फक्त पंपातून. माझं मत विचाराल तर आधी साचलेलं पाणी काढा, वाफसा येऊ द्या. फवारा कात्री थोपवेल, साखर कुठून आणणार? आणि प्रमाण बाटलीवरचंच. जास्त ऑक्सिन झालं तर झाडच इथिलीन बनवू लागतं, म्हणजे उलटी गंगा.

अमेरिकेत मात्र शेतकरी हीच कात्री मुद्दाम चालवतात. यंत्राने वेचणी करायची तर कापसात पानांचा कचरा नको, म्हणून बोंडं फुटायच्या सुमारास इथेफॉनसारखं औषध मारतात. झाडात त्याचं इथिलीन होतं, बोंडं फुटतात, आणि जोडीला दुसरं औषध असलं की पानंही गळतात. आपल्याकडे वेचणी हाताने, तिथे पानांची एवढी अडचण नसते.

तुमच्या गावात पातेगळीला वेगळा शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात सरकीवरचा धागा: एकच पेशी, आणि लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास.