हेराल्डच्या बॉनेटवरचं नाव

बंगळूरच्या शिवाजीनगरात ‘गुजरी’ म्हणजे मोडीचा बाजार. कानडीत आणि इथल्या दखनीत हा शब्द आता भंगाराशीच जोडला गेला आहे. कोल्हापूरहून आलेल्या माणसाला तो ऐकून चुकल्यासारखं होतं, कारण तिकडे गुजरी म्हणजे सराफांची पेठ. जुन्या मराठीत गुजरी म्हणजे नुसता रोजचा, बहुधा संध्याकाळचा बाजार. एका गावात तो सोन्याकडे वळला, दुसऱ्यात लोखंडाकडे. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांचे बिल्ले हा या दोन्हींच्या मधला माल आहे. वजनावर विकला तर पितळ, ओळखून विकला तर दागिना.

शिवाजीनगर म्हणजे पूर्वीचं ब्लॅकपल्ली. 1809 मध्ये इथे ब्रिटिशांची छावणी बसली आणि तिचा कारभार 1947 पर्यंत त्यांच्याच हाती होता. छावणी म्हटली की अधिकारी आले, अधिकाऱ्यांबरोबर मोटारी आल्या. साहेब गेले, गाड्या राहिल्या. पुढे आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि एका गाडीचे अवयव दुसरीला बसवण्याची विद्या या देशात फोफावली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या गाडीवर जो बिल्ला दिसतो तो तिचाच असेल असं गृहीत धरता येत नाही. तो खरा असू शकतो आणि तरीही त्या गाडीचा नसू शकतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बहुतेक फसगत ते एकत्र केल्यामुळे होते.

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. एमजीचा अष्टकोन घ्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची. सेसिल किंबर तिचे सूत्रधार, आणि अष्टकोनी चिन्हाची नोंदणी 1924 ची. त्या काळातले चांगले बिल्ले काचेच्या मिन्याचे असत. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर ठशाने खोलगट घरं उठवायची, त्यांत रंगीत काचेची पूड भरायची, सुमारे 800 अंशांच्या भट्टीत वितळवायची, मग घासून सपाट करायची. जयपूरचा मिना पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बर्मिंगहॅमच्या जवाहिऱ्यांच्या मोहल्ल्यात हे काम चाले. असा मिना बोटाला गार लागतो, आणि फुटला तर काचेसारखा टवका उडतो. रंग किंवा प्लास्टिक असेल तर ते सोलतं, पिवळं पडतं. बिल्ला उलटून पाहणं तर समोरून पाहण्यापेक्षा महत्त्वाचं. मागे कारागिराच्या पेढीचं नाव ठोकलेलं असू शकतं, आणि बसवायचे खुंट कसे जोडलेत तेही तिथेच कळतं.

नक्कल बहुधा मूळ बिल्ल्याचाच साचा घेऊन ओतलेली असते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. अस्सल नमुना हाताशी असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावला की बोलणंच खुंटतं. मुलाम्याचंही तसंच. क्रोमियमचा व्यापारी वापर 1920 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, त्याआधी निकेल. निकेलची चमक जराशी पिवळसर, ऊबदार, क्रोमची निळसर. 1924 च्या गाडीवर निळसर चकाकणारा बिल्ला असेल तर तो निदान नंतर मुलामा दिलेला आहे.

पण डोळ्यांना खटकतं ते खोटं, असंही नाही. एमजीने 1975 हे आपलं सुवर्णमहोत्सवी वर्ष मानलं आणि त्या वर्षीच्या गाड्यांवर सोनेरी बिल्ले लावले. ते पाहून ‘कुणीतरी हौसेने रंगवलंय’ म्हणत रुपेरी बिल्ला बसवणारा माणूस इतिहासच पुसून टाकतो. उलट बाजूने, युद्धापूर्वीच्या गाडीवर नुसतं ‘जॅग्वार’ दिसलं तर थांबावं. विल्यम लायन्स यांच्या कंपनीचं नाव तेव्हा एसएस होतं, गाडी ‘एसएस जॅग्वार’ होती. 1945 मध्ये ही दोन अक्षरं टाकून दिली गेली. हिटलरच्या पथकांमुळे ती उच्चारणंही नकोसं झालं होतं.

दुसरा प्रश्न, बिल्ला या गाडीचा आहे का, हा आपल्याकडे सगळ्यांत गुंतागुंतीचा होतो तो हेराल्डपाशी. इंग्लंडात 1959 मध्ये आलेली ट्रायम्फ हेराल्ड इटालियन मिकेलॉत्ती यांच्या रेखाटनांवरून घडली होती. तिच्याच चासीवरून पुढे 1962 ची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स गाडी बेतली गेली. भारतात हेराल्ड 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने बनवली, आणि बॉनेटवर नाव आलं ‘स्टँडर्ड’. गंमत अशी की त्याच सुमाराला इंग्लंडात हे नाव मावळत होतं. 1903 मध्ये कॉव्हेंट्रीत कंपनी निघाली तेव्हा ‘स्टँडर्ड’ म्हणजे कसोटीला उतरलेलं, मानदंड ठरावं असं. पन्नास वर्षांत त्याच शब्दाचा अर्थ ‘डीलक्स नव्हे ते’, म्हणजे साधं, असा झाला. 1963 नंतर तिथे स्टँडर्ड नावाची मोटार निघाली नाही. मराठीत मात्र शब्दाची पत घसरली नाही. ‘त्यांचं स्टँडर्डच वेगळं’ हे आपण अजून कौतुकाने (कधी टोमण्यानेही) म्हणतो. एकच शब्द, एकच गाडी, आणि समुद्र ओलांडताना किंमत उलटी झालेली. भाषांतर करणाऱ्याला असे शब्द रोज भेटतात, बॉनेटवर क्वचित.

आज हौशी मंडळी या हेराल्डचं ‘स्टँडर्ड’ काढून ‘ट्रायम्फ’ लावतात. छप्पर बोल्टने बसवलेलं असल्यामुळे तेही उतरवता येतं, आणि मद्रासची घरगुती गाडी विलायती उघडी गाडी म्हणून मिरवू लागते. बिल्ला तेव्हा अगदी खराखुरा, कॉव्हेंट्रीचा असू शकतो. तरीही गाडीबद्दल तो खोटं सांगतो. चार दरवाजांची हेराल्ड तर फक्त भारतातच बनली. तिच्यावर ‘ट्रायम्फ’ दिसलं की चासीची पाटी वाचायचीही गरज नाही.

आपल्या दफ्तरांच्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आहेत: अस्सल आणि नक्कल. सातबाऱ्याची नक्कल मागताना आपल्याला त्यात लबाडी वाटत नाही, कारण ती स्वतःला नक्कल म्हणवते. मराठ्यांच्या कागदांचे अभ्यासकही शिक्का पाहून पत्र अस्सल ठरवत नाहीत. कागद, वळण, मायने, कालगणना, सगळं जुळावं लागतं. शिक्का अस्सल आणि पत्र बनावट, हे घडू शकतं. ‘नक्कल’ ज्या अरबी धातूतून आला त्याचा मूळ अर्थ इकडून तिकडे नेणं, आणि अरबीत त्यात भाषांतरही बसतं. म्हणून नकलेविषयी माझं मत जरा मवाळ आहे. नवा बिल्ला नवा म्हणून लावला तर कुणाचं काय बिघडतं?

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात, आणि गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. ही अट चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याबद्दल बोलते. मद्रासच्या हेराल्डचं मूळ रूप म्हणजे बॉनेटवर ‘स्टँडर्ड’. गुजरीत पूर्वी ती अक्षरं ढिगात पडून असत आणि गिऱ्हाईक ‘ट्रायम्फ’ आहे का विचारत पुढे जाई. आता ‘स्टँडर्ड’ मागणारेही येऊ लागले आहेत.